व्हिएतनामी व्याह्यांची ओळख पुस्तकांतून

प्रश्न : माझ्या मुलाचे लग्न कॅलिफोर्नियात वाढलेल्या व्हिएतनामी मुलीशी ठरले आहे. तिचे आईवडील तरुणपणी बोटीतून देशाबाहेर पडले, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. त्या दिवसांविषयी ते स्वतःच्या मुलांशीही बोलत नाहीत, असे ती सांगते. मला मिळालेली व्हिएतनामवरची पुस्तके लढायांची आणि अमेरिकी सैनिकांची आहेत. त्या घरांतले सणवार, रीतभात आणि अमेरिकेत गेल्यावरचे जगणे समजेल अशी पुस्तके सुचवाल का? इंग्रजी मी वाचते, पण सावकाश.

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. व्हिएतनामविषयी इंग्रजीत जे लिहिले गेले त्यातले बरेचसे युद्धाविषयी आहे आणि त्यात व्हिएतनामी माणूस बहुधा मागच्या रांगेत उभा असतो. तुम्हांला हवी असलेली पुस्तके पुढच्या पिढीने लिहिली. ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन साम्यवादी उत्तर व्हिएतनामच्या हाती पडली आणि नंतरच्या वर्षांत लाखो माणसांनी देश सोडला. अमेरिकेत पोहोचलेल्यांची मुले मोठी होऊन लिहू लागली, तेव्हा जे आईवडील काहीच सांगत नाहीत त्यांची गोष्ट लिहायची कशी, हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. तुमच्या सुनेला घरात जाणवणारे मौन हाच यातल्या अनेक पुस्तकांचा गाभा आहे, त्यामुळे तोच धागा धरून वाचावे असे मला वाटते.

सुरुवात थान्हा लाय यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ने करावी. नॅशनल बुक अवॉर्ड मिळवणारी ही २०११ची मुक्तछंदातली कादंबरी किशोरवाचकांसाठी असली, तरी मोठ्यांनीही वाचावी अशी आहे, आणि ओळी छोट्या असल्याने तुम्हांला ती जड जाणार नाही. ‘हा’ नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची ही कहाणी १९७५च्या तेतला, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाला, सुरू होते. त्या सकाळी घरात पहिले पाऊल पुरुषाचे पडले तरच भाग्य उजळते, अशी समजूत असल्यामुळे तो मान तिच्या भावाचा असतो. ही मुलगी मात्र सगळ्यांच्या आधी उठून पायाचा अंगठा फरशीला टेकवते. घरातली शिस्त, मुलीचा दुय्यमपणा आणि तिची जिद्द एवढ्या एका कृतीतून कळते. पुढे अमेरिकेतल्या अलाबामात एक शेजारीण सुकवलेली पपई आणून देते. सायगॉनच्या अंगणातल्या ताज्या पपईची आठवण असलेली मुलगी ती चिडून फेकून देते, आणि आई ते तुकडे गरम पाण्यात भिजवून ठेवते. निर्वासितपणावरचे कितीतरी अभ्यासपूर्ण लेख जे सांगू शकत नाहीत ते या प्रसंगात आहे.

यानंतर थी बुई यांचे ‘द बेस्ट वुई कुड डू’ (२०१७) हे चित्ररूप आत्मकथन घ्या. तुमच्या व्याह्यांच्या अनुभवाशी सर्वांत जवळचे पुस्तक हेच असावे. लेखिकेचे कुटुंब १९७८ मध्ये बोटीने निघाले, मलेशियातल्या निर्वासित छावणीत राहिले आणि मग अमेरिकेत गेले. स्वतः आई झाल्यावर तिला प्रश्न पडतो की आपले आईवडील इतके अबोल आणि तुटक का झाले, आणि त्याचे उत्तर शोधताना ती मागे मागे जात वडिलांच्या उपासमारीच्या बालपणापर्यंत आणि फ्रेंच शाळेत शिकलेल्या आईच्या मोडलेल्या स्वप्नांपर्यंत पोहोचते. तिला वडिलांविषयी राग आहे आणि तो ती लपवत नाही; म्हणूनच तिची माया खरी वाटते. घाई न करता चित्रेही वाचावीत.

बिक मिन्ह न्गुयेन यांच्या ‘स्टीलिंग बुद्धाज डिनर’ (२००७) या आठवणींत मिशिगनमध्ये वाढणारी मुलगी अमेरिकी खाऊसाठी आसुसलेली आहे आणि घरात आजी बुद्धाच्या मूर्तीपुढे फळे मांडते आहे. मात्र देश सोडणाऱ्यांत कॅथलिक कुटुंबेही पुष्कळ होती, तेव्हा सुनेकडे व्याह्यांच्या धर्माची चौकशी करून मगच अंदाज बांधावेत. व्हिएत थान्ह न्गुयेन यांच्या ‘द रेफ्युजीज’ (२०१७) या संग्रहातली सॅन होजेमधल्या किराणा दुकानाची कथा अवश्य वाचा. तिथे एक बाई साम्यवाद्यांशी लढण्यासाठी वर्गणी मागायला येते आणि युद्ध दुकानाच्या गल्ल्यापर्यंत कसे येते ते दिसते. ओशन व्हुआँग यांची ‘ऑन अर्थ वुई आर ब्रीफली गॉर्जस’ (२०१९) ही कादंबरी म्हणजे वाचता न येणाऱ्या आईला मुलाने लिहिलेले पत्र आहे. ती उत्कट आहे, पण हिंसा आणि शरीरसंबंध यांविषयी इतकी उघड आहे की ती शेवटी वाचलेली बरी.

अमेरिकेतली एवढी पुस्तके वाचल्यावर मूळ देशातले एक तरी वाचायलाच हवे, आणि ते म्हणजे न्गुयेन झू यांचे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे ‘किएउ’ हे काव्य. खोट्या आरोपात अडकलेल्या वडिलांना आणि भावाला सोडवण्यासाठी स्वतःला विकणाऱ्या मुलीची ही ३,२५४ ओळींची कथा आहे. आईवडिलांसाठी मुलांनी किती सोसावे, हा वरच्या सगळ्या पुस्तकांतला ताण तिथे आधीच आहे. कौल लावण्यासाठीही लोक हे पुस्तक उघडतात. हुइन सान्ह थाँग यांचा १९८३चा इंग्रजी अनुवाद मूळ ओळींसह छापलेला आहे, म्हणून तीच प्रत मिळवा. विहीणबाईंना बोटीतल्या प्रवासाविषयी विचारण्यापेक्षा ती प्रत त्यांच्यापुढे ठेवून यातल्या आवडत्या ओळी कोणत्या, असे विचारले तर बोलणे सुरू होण्याचा संभव पुष्कळच अधिक आहे.