आयव्हीएफ स्वस्तात व्हावे म्हणून आर्णीहून थायलंडला जावे का?

थायलंडमध्ये आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) स्वस्त पडेल का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की जाऊ नये, कारण परदेशातील जोडपी खर्च वाचावा म्हणून भारतातच येतात आणि तुम्हाला तर नागपूर जवळ आहे. साधारण 10-12 दिवस रोज पोटावर इंजेक्शन आणि दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असल्यामुळे खोलीभाडे व बुडालेली मजुरीही हिशोबात धरावी लागते, म्हणून औषधांसह लेखी अंदाजपत्रक आधीच मागा. उपचार केंद्र 2021 च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, हे अवश्य पाहा. कापूस विकला की बघू, असे म्हणत पस्तिशीनंतरची वर्षे कृपया घालवू नका. पतीची वीर्यतपासणी कमी खर्चात होते, ती सर्वांत आधी करून घ्या.