नाव कुणाकडून कळले तेही लिहून ठेव

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पुण्यात शिकायला येऊन सहा महिने झाले आणि तेवढ्यात तू अकरा साहित्यिक कार्यक्रमांना हजेरी लावलीस, दोन ग्रंथप्रदर्शने पालथी घातलीस, अप्पा बळवंत चौकातून पिशव्या भरून पुस्तके आणलीस, हे वाचून मला फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू लिहिले आहेस की आणलेल्यांपैकी तीनच पुस्तके वाचून झाली, कार्यक्रमांत काय ऐकले ते धड आठवत नाही, आणि रोज नवे नाव कानावर पडत असल्यामुळे आता काय वाचावे हेच कळेनासे झाले आहे. तालुक्याच्या गावच्या वाचनालयात तीस वर्षे देवघेवीच्या टेबलामागे बसले तेव्हा हाच प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत शेकडो वाचकांनी विचारला होता. त्याचे उत्तर मात्र मला एका वाचकाकडूनच मिळाले.

आमच्याकडे एक एस.टी. वाहक सभासद होते. दर पंधरवड्याला ते पुस्तक परत करायला येत आणि तिकिटांच्या पेटीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवत. वाचलेल्या पुस्तकात ज्या दुसऱ्या पुस्तकांचा किंवा लेखकांचा उल्लेख आला असेल त्यांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर भेटले ते, असे त्या चिठ्ठीत लिहिलेले असे. प्रस्तावना, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मलपृष्ठावरची यादी, यांतले काहीही ते सोडत नसत. वर्षभराने एकदा ते मला म्हणाले, "बाई, या लेखकाने सुचवलेले एकही पुस्तक वाया गेले नाही, पण त्या दुसऱ्यांच्या प्रस्तावनेवर मी आता विसंबत नाही." तोवर मी वाचकांना पुस्तके सुचवत होते, नाव सुचवणाऱ्याचीही पारख करायची असते, हे माझ्या लक्षात त्या दिवशी आले.

म्हणून तुला माझे पहिले सांगणे आहे की एक साधी वही कर. वाचलेल्या पुस्तकांची यादी पुष्कळ जण ठेवतात, आणि ती ठेवायला माझी हरकत नाही. तू मात्र न वाचलेल्या पुस्तकांचीही नोंद ठेव, आणि नावासमोर ते नाव कुणाकडून, कुठे, कोणत्या दिवशी कळले हे न चुकता लिही. पुस्तक वाचून झाले की त्याच ओळीत एक वाक्य वाढव. दोन वर्षांनी ती वही उलगडून पाहिलीस तर कोणत्या समीक्षकाची, कोणत्या मैत्रिणीची, कोणत्या मासिकाची आणि कोणत्या प्रकाशकाची निवड तुझ्या मनाशी जुळते ते तुला स्पष्ट दिसेल, आणि गाजणाऱ्या नावांच्या गलक्यात आज तुला जो गोंधळल्यासारखा अनुभव येतो तो बराच कमी होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे या आठवड्यातच एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद हो. तू ज्या शहरात राहतेस तिथे 1848 मध्ये सुरू झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, 1911 पासूनचे पुणे मराठी ग्रंथालय आहे, आणि तुझ्या पत्रात या दोहोंपैकी एकाचेही नाव नाही, याचे मला थोडे वाईट वाटले. आपल्याकडे ही परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आणि मुंबईचे 1898 चे. यांतल्या ठाण्याच्या आणि मुंबईच्या संस्था तर मराठी पुस्तके एका जागी जमवून ती जपली पाहिजेत या निष्ठेने लोकांनी उभ्या केल्या. ग्रंथालयात गेलीस की नवीन पुस्तकांच्या कपाटाशी फार वेळ थांबू नकोस. जुन्या बांधणीचे एखादे पुस्तक काढ आणि त्यात चिकटवलेला तारखांचा कागद पाहा. ज्या पुस्तकावर तीस वर्षांपूर्वीच्या तारखांच्या रांगा आहेत आणि अलीकडची एकही नाही, ते पुस्तक एके काळी गावाने वाचले होते आणि मग विसरले. अशा पुस्तकांची पहिली दहा पाने तिथेच उभ्याने वाच. माझ्या आयुष्यातली निदान पाच अत्यंत आवडती पुस्तके मला त्या कागदांनी मिळवून दिली आहेत. काउंटरवरच्या माणसाशी बोलायलाही संकोच करू नकोस. दिवसभर पुस्तके देता-घेता त्यांना वाचकांच्या आवडीनिवडी जितक्या कळतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कुणाला कळत असतील.

आता ज्या विषयावर मला तुझ्याशी मनमोकळे बोलायचे आहे त्याकडे येते. दिवाळी अंकांविषयी तू एक अक्षरही लिहिलेले नाहीस. नवा मराठी लेखक शोधायचा असेल तर याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी 'मित्र' हे आडनाव लावणाऱ्या काशीनाथ रघुनाथ आजगावकरांनी 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून दर आश्विनात मराठी माणसाच्या घरी फराळाबरोबर कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे येऊ लागली. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. सगळे चांगले नसतात, काहींमध्ये जाहिरातींच्या मधून मजकूर शोधावा लागतो, हे मान्य आहे. पण ज्याचे पहिले पुस्तक अजून यायचे आहे असा जिल्ह्याच्या गावचा एखादा शिक्षक किंवा परिचारिका आपली पहिली दीर्घकथा अनेकदा इथेच छापते, आणि पुढे तिची कादंबरी होते तेव्हा आपण ती बीजरूपात आधीच वाचलेली असते, याचा आनंद काही वेगळाच असतो.

अंक वाचण्याची माझी एक पद्धत आहे, ती सांगते. हातात आला की आधी अनुक्रमणिका पूर्ण वाचायची आणि कधी न ऐकलेल्या नावांखाली पेन्सिलीने बारीक खूण करायची (अंक आपला असेल तर, वाचनालयाचा असेल तर वहीत). प्रसिद्ध नावे नंतर वाचली तरी चालतात, ती कुठे जात नाहीत. एकच अनोळखी नाव दोन-तीन वेगळ्या अंकांत दिसले तर वेगवेगळ्या संपादकांना त्या लिहिणाऱ्यात काही तरी दिसले आहे असे समजावे आणि ते आधी वाचावे. अंकांच्या किमती विद्यार्थ्याला परवडण्यासारख्या राहिलेल्या नाहीत, पण बहुतेक ग्रंथालये दिवाळीनंतर ठरावीक वर्गणी घेऊन पुढचे काही महिने अंक आळीपाळीने वाचायला देण्याची योजना चालवतात. त्या योजनेत नाव नोंदव. आमच्याकडे त्या महिन्यांत एरवी कधीही न येणारी माणसेही रांगेत उभी राहत, आणि परत केलेला अंक टेबलावर टेकण्याआधीच दुसऱ्या हातात जाई. वर्षभरासाठी पुस्तकांच्या बातम्या हव्या असतील तर 1964 पासून निघणारे 'ललित' मासिक आहे. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचे अंकही पाहत जा.

अनुवादकाचे नावही असेच वाट दाखवते. उमा कुलकर्णी यांच्या मराठीतून एस. एल. भैरप्पांची कादंबरी वाचून भारावलेला वाचक त्याच अनुवादिकेचे नाव धरून शिवराम कारंतांपर्यंत पोहोचतो आणि पाहता पाहता कन्नड साहित्याचे एक मोठे दालन त्याला मराठीतच उघडलेले सापडते. मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव लहान अक्षरांत असले तरी तुझ्या वहीत ते लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत असू दे.

आता संमेलनांविषयी. या वर्षी मोठ्या संमेलनाला जावे की नाही, असे तू विचारतेस. जरूर जा. न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली, तिथून हा प्रवाह वाहत आला आहे. पण जाताना त्याचा दुसरा पदरही माहीत असू दे. 1885 च्या सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले होते, कारण शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्या ग्रंथकारांच्या लेखणीत उमटत नाही त्यांच्या सभेत आपले काय काम, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून पुढे वेगळी व्यासपीठे उभी राहिली. 1958 मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. 1999 पासून विद्रोही साहित्य संमेलने होत आहेत. ग्रामीण आणि आदिवासी साहित्याची संमेलनेही भरतात. एकाच प्रकारच्या मंडपात बसणाऱ्याला मराठी साहित्याचा एकच भाग दिसतो, म्हणून शक्य असेल त्या वर्षी तू दोन वेगळ्या मंडपांत जाऊन बस, आणि दोन्हीकडे सारख्याच आदराने ऐक.

मोठ्या संमेलनात ग्रंथदिंडी चुकवू नकोस, कारण पालखीत ग्रंथ ठेवून गावातून मिरवणारी माणसे पाहिली की मन भरून येते. उद्घाटनाला प्रचंड गर्दी असते आणि पाहुणे उठले की ती ओसरते. तुझे खरे काम त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुख्य मंडपापासून दूर, एखाद्या परिसंवादाला पस्तीस-चाळीस श्रोते असतात आणि वक्त्याला कोणाला खूश करायचे नसते. तिथे पहिल्या रांगेत बस. मला माझे काही अत्यंत जवळचे लेखक अशाच रिकाम्या खुर्च्यांच्या सभेत सापडले. पुस्तकांच्या गाळ्यांवर मोठ्या दुकानांपुढून पुढे जा आणि लहान गावच्या ज्या प्रकाशकाने स्वतः गाळा मांडला आहे त्याला विचार, "तुम्ही छापलेले, तुम्हाला मनापासून आवडलेले, पण फारसे न खपलेले पुस्तक कोणते?" या प्रश्नाने त्या माणसाचा चेहरा कसा उजळतो ते पाहा. तो देईल ते पुस्तक विकत घे आणि वहीत त्याचे नाव लिही.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. तुझ्याच वयाची असताना एका मान्यवर लेखिकेच्या मुलाखतीला मी त्यांचे एकही पुस्तक न वाचता गेले होते. सभागृह हसले तेव्हा हसले, टाळ्या पडल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या, स्वाक्षरी घेतली आणि घरी आल्यावर मला आठवली ती फक्त त्यांच्या साडीची किनार. वर्षभराने त्यांच्या दोन कादंबऱ्या वाचल्या आणि त्या सभेत विचारता आले असते असे सात-आठ प्रश्न मनात उभे राहिले, तेव्हा मात्र त्या हयात नव्हत्या. तेव्हापासून कार्यक्रमपत्रिका हाती आली की त्यातल्या निदान एका वक्त्याचे निदान एक पुस्तक वाचल्याशिवाय मी जात नाही. तुझ्या अकरा कार्यक्रमांऐवजी पुढच्या सहा महिन्यांत चारच झाले तरी चालतील, पण प्रत्येकाच्या आधी एक पुस्तक आणि नंतर एक पुस्तक असे वाचन झाले पाहिजे.

लहान संमेलनांकडे तर मी तुला हट्टाने पाठवीन. बेळगाव परिसरात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत गावकरी स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवतात. भाषेसाठी झगडत आलेल्या त्या भागात शेतकरी, गृहिणी, शाळकरी मुले कथाकथनाला मांडी घालून बसतात आणि शब्दन् शब्द ऐकतात. अशाच एका संमेलनात माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. कथा संपल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "सांगितली झोकात, पण ह्यांची त्याच्या आदल्या साली छापून आलेली गोष्ट ह्याहून भारी होती," आणि त्यांनी मला अंकाचे नावही सांगितले. मी गावी परतल्यावर तो अंक शोधला. आजींचे म्हणणे तंतोतंत खरे होते. माझ्या वहीत 'कुणाकडून कळले' या रकान्यात त्यांचे नाव नाही, कारण ते विचारायचे राहून गेले. तिथे 'शेजारच्या आजी' एवढेच लिहिलेले आहे आणि पुढच्या ओळीत ती कथा वाचल्याची तारीख.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. पन्नास टक्के सवलतीची पाटी पाहून पुस्तक घेऊ नकोस. वहीत ज्या नावापुढे दोन वेगळ्या माणसांनी सुचवल्याची नोंद झाली आहे, आणि जे ग्रंथालयातून आणून वाचल्यावर परत करावेसे वाटले नाही, तेच विकत घे. तुझ्या खोलीतल्या न वाचलेल्या पुस्तकांविषयी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्यांतल्या प्रत्येकाचे नाव कुणाकडून कळले होते ते आठवून वहीत लिही. आठवत नसेल ती पुस्तके सध्या खालच्या फळीवर ठेव.

दिवाळीच्या सुटीत तू गावी येशील तेव्हा आपल्या वाचनालयात संध्याकाळी साडेपाचला ये. मी तिथे असेन. नव्या ग्रंथपालांना सांगून अंकांचे पहिले दोन गठ्ठे आपण दोघी मिळून सोडू. येताना वही आण, आणि मी कधीच ऐकलेले नसेल असे एक तरी नाव तीत लिहून आण.

तुझी,
ग्रंथपाल मावशी