हातात घेतलेली प्रत आणि तळटीपेत लिहिलेली प्रत

पानिपतपूर्व काळातील मराठी पत्रव्यवहाराच्या भाषेवरील आपल्या शोधनिबंधासंबंधी आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी छापलेली सात पत्रे आपण एका अलीकडच्या ग्रंथातून घेतली, तर तळटीपेत राजवाडे यांचे नाव द्यावे की त्या ग्रंथाचे. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने इतर लेखनाशी दाखवलेले १४ टक्के साम्य कसे कमी करावे. आणि ज्ञानेश्वरी किंवा तुकारामांचा गाथा यांचा संदर्भ नेमका कसा लिहावा. पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

संदर्भ म्हणजे आपण प्रत्यक्ष काय वाचले याची नोंद. आपण राजवाड्यांचा खंड उघडला नसेल, तर नुसते ‘राजवाडे, खंड १, लेखांक अमुक’ (लेखांक म्हणजे खंडातील पत्राचा क्रमांक) असे लिहिणे म्हणजे न केलेले वाचन केल्याचे सांगणे होय, आणि ते पत्र शब्दशः बरोबर असले तरी हा दोष उरतोच. अशा वेळी ‘राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड १, लेखांक अमुक, उद्धृत’ असे लिहून त्यापुढे आपण वाचलेल्या ग्रंथाचा लेखक, वर्ष आणि पृष्ठ द्यावे. संदर्भ लिहिण्याच्या एपीए आणि एमएलए या दोन्ही पद्धतींत शेवटच्या सूचीत फक्त तुम्ही वाचलेला ग्रंथ येतो, मूळ ग्रंथ येत नाही. शिकागो पद्धतीत तळटीपेत दोन्हींचा तपशील देतात. तिन्ही पद्धतींचा आग्रह मात्र एकच आहे, की मूळ मिळण्यासारखे असेल तर मूळच पाहावे.

आणि राजवाड्यांचे खंड मिळण्यासारखे आहेत. पहिला खंड १८९८ साली निघाला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, म्हणजे आपला विषय नेमका तोच. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात एक दिवस घालवलात, तर सातही पत्रे मूळ मजकुराशी ताडून होतील. आपला विषय भाषेचा असल्यामुळे हे ताडणे अधिकच गरजेचे आहे, कारण दुसऱ्या लेखकाने उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असेल, मोडीतील संक्षेप सोडवले असतील किंवा मधला मायना गाळला असेल, तर आपला निष्कर्ष अठराव्या शतकातील कारकुनाच्या भाषेवर न उभा राहता विसाव्या शतकातील मुद्रितशोधकाच्या भाषेवर उभा राहील. संदर्भ देताना खंड आणि लेखांक दोन्ही द्यावेत. पुनर्मुद्रणात पृष्ठ बदलते, पण लेखांकावरून वाचकाला पत्र सापडते.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. माझ्या सुरुवातीच्या एका निबंधात मी एका नामवंत अभ्यासकाच्या ग्रंथातली तळटीप जशीच्या तशी उचलली होती. त्यांच्या तळटीपेत पृष्ठांक चुकीचा छापला गेला होता आणि माझ्याही निबंधात तोच चुकीचा अंक आला. परीक्षकांनी मूळ ग्रंथ समोर ठेवून ते पान उघडायला सांगितले. तिथे माझा मजकूर नव्हता, एका जमाखर्चाची यादी होती. त्या क्षणी काय वाटले ते सांगण्यासारखे नाही. पुढे वाचनात आले, की सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ साली नेमका हाच माग काढला होता: संदर्भातील छपाईच्या चुका एका लेखातून दुसऱ्यात कशा उतरत जातात यावरून, संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच लोक मूळ लेख वाचतात, असा अंदाज त्यांनी मांडला.

आता ते १४ टक्के. साम्य म्हणजे चौर्य नव्हे, आणि आकडा खाली आणण्यासाठी समानार्थी शब्द पेरत बसणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्याने मूळ लेखकाचा विचार तसाच राहतो आणि वाक्य तेवढे बिघडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे आणि त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे तीन स्तर केले आहेत. पण त्याच विनियमांनुसार योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश या गोष्टी मोजणीतून वगळायच्या आहेत, तसेच सर्वपरिचित माहितीच्या सलग चौदा शब्दांपर्यंतच्या साम्यालाही सूट आहे. आपल्या निबंधात सात पत्रांचा मजकूर आहे. तो अवतरणचिन्हांत किंवा समास सोडून वेगळ्या परिच्छेदात नसेल, तर यंत्राला ते अवतरण आहे हे कळणार कसे? अवतरणे नीट चिन्हांकित करा, वगळण्याचे पर्याय लावून अहवाल पुन्हा मागवा आणि उरलेली साम्यस्थळे एकेक वाचा. जिथे दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत आला आहे, तिथे शब्द आपले असले तरी संदर्भ द्यावाच लागतो. ही गोष्ट कोणताही अहवाल सांगत नाही. (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर सॉफ्टवेअरला बहुधा वाचताच येत नाही आणि अहवाल शून्य टक्के येतो. अशा शून्यावर कोणी समाधान मानू नये.)

संतसाहित्याबाबत वर्षापेक्षा प्रत महत्त्वाची. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची, हे सर्वांना ठाऊक आहे. वाचकाला हवे असते ते आपण कोणत्या संपादकाची प्रत वापरली हे, कारण एकूण ओव्यांची संख्यासुद्धा सर्व प्रतींत सारखी नाही. सूचीत संपादक, प्रकाशक व आवृत्ती द्यावी आणि मजकुरात अध्याय व ओवी-क्रमांक द्यावा. गाथ्यांत अभंगांचे क्रमांक प्रतीगणिक इतके बदलतात, की क्रमांकाबरोबर अभंगाचा पहिला चरणही द्यावा असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. पद्धतीची कोणतीही पुस्तिका हे सांगणार नाही, पण वाचक दुवा देईल.

जुन्या ग्रंथांवरील शकाचे वर्ष आहे तसे देऊन कंसात इसवी सन द्यावे. नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नये. शके १८२० हे १८९८ च्या वसंतात सुरू होऊन पुढच्या वर्षापर्यंत जाते, म्हणून महिना माहीत नसेल तर १८९८-९९ असे लिहिणे सुरक्षित असते. मराठी विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, तेव्हा श्रेय त्या लेखकाला द्यावे. प्रमुख संपादकांचे नाव खंडाच्या तपशिलात येते. ‘तत्रैव’ (लगेच आधीच्या तळटीपेतलाच ग्रंथ) आणि ‘उनि’ (पूर्वी उल्लेखिलेला ग्रंथ) यांचा वापर मसुदा पूर्ण होईपर्यंत टाळलेला बरा, कारण मध्ये एक तळटीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. इंग्रजी उतारा आपण स्वतः मराठीत आणला असेल, तर ‘भाषांतर माझे’ एवढे दोन शब्द पुरतात.

एक शेवटची गोष्ट, जी आपण विचारली नाही पण आपल्या सूचीवरून मला शंका आली. त्यातील दोन इंग्रजी लेख मला कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत सापडले नाहीत. संभाषण करणाऱ्या यंत्राकडून सूची करून घेतली असेल, तर अशा अस्तित्वात नसलेल्या नोंदी त्यात सहज येतात. अर्थात ही विद्या यंत्रांच्याही आधीची आहे: ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ हा लेख मुळात एका प्रकाशनसंस्थेच्या नमुना-आराखड्यातील काल्पनिक नोंद होती, तरी जवळपास चारशे निबंधांनी त्याचा संदर्भ दिल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. ते दोन लेख आपल्या हाती असतील तर त्यांचे पहिले पान मला दाखवा. नसतील, तर निबंध पाठवण्यापूर्वी ते सूचीतून काढा आणि त्यांच्या आधारावर उभी असलेली वाक्येही पुन्हा तपासा.