वाचकांचे प्रश्न : जुनी बाटली, घरचं सरबत, आपलं लेबल

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. पाहुण्यांना घरी केलेलं आलं-लिंबाचं सरबत वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, त्यावर दोघांच्या नावाचं लेबल लावून द्यायचं आहे. २४ बाटल्या जमल्या आहेत. काहींची लेबलं पाण्यात सुटली, काहींची मात्र कशानंच निघत नाहीत. काय करावं? — एक वाचक, कोथरूड

तुमच्याकडे दोन जातींची लेबलं आहेत, आणि दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. आधी कोपरा नखानं उचलून पाहा. कागद फाटून पांढरा लगदा निघाला, तर ते खळीसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या गोंदानं लावलेलं आहे. रबरासारखी ओढ लागली, तर तो स्टिकर आहे.

पहिल्या जातीसाठी ५ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. बाटल्या पाण्यानं भरून बुडवा, नाहीतर त्या तरंगतात आणि अर्धं लेबल कोरडंच राहतं. तासाभरात कागद आपोआप सुटतो. सोड्याच्या पाण्यात काम करताना हातमोजे घाला.

स्टिकरला पाणी नको, ऊब हवी. बाटली आधी कोमट पाण्यानं विसळा, मग आत चांगलं गरम पाणी भरा. थंड बाटलीत एकदम उकळतं पाणी ओतलं तर काच तडकते. दोन-तीन मिनिटांनी कोपरा धरून लेबल अगदी सावकाश, काचेला जवळजवळ लागून मागे सोला. घाईनं ओढलंत की कागद हातात येतो आणि चिकट थर काचेवर राहतो. तुमच्या उरलेल्या बाटल्यांचं नेमकं हेच झालंय. त्या थरावर खायचं तेल आणि खाण्याचा सोडा समभाग कालवून लावा, २० मिनिटं ठेवा आणि घासणीनं काढा.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि नवं लेबल चार दिवसांत सुटतं. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी कुठलाही गोंद धरत नाही. भांड्यांच्या साबणानं दोनदा धुवा, बाटली पूर्ण वाळवा आणि लेबल लावायच्या आधी तेवढी जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका, बाटली मानेकडूनच धरा.

प्रश्न : लेबल कुठल्या कागदावर छापावं आणि कशानं चिकटवावं? घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नमुन्यावर पाण्याचा थेंब पडला आणि अक्षरं पसरली. — एक वाचक, सहकारनगर

घरचा प्रिंटर इंकजेट असणार. त्यातली बहुतेक शाई पाण्यात विरघळते. लेसर प्रिंटमध्ये टोनर उष्णतेनं कागदावर वितळून बसतो, त्यामुळे तो पसरत नाही. छपाई लेसरवरच करून घ्या. साधा किंवा स्टिकरचा कागद अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळेल.

दुकानात फाइल नेताना मराठी मजकुराची काळजी घ्या. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलीतच बसवलेली पीडीएफ द्या, किंवा ३०० डीपीआयचं (एका इंचात ३०० ठिपके) चित्र. ९ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच लेबलसाठी ते साधारण १०६३ बाय १४१७ पिक्सेल होतं. या मापाची ४ लेबलं एका ए-फोर कागदावर बसतात. मजकूर कडेपासून ५ मिमी आत ठेवा. कापताना सुरी थोडी सरकतेच.

गोंदाचं म्हणाल तर साध्या कागदाला दूध वापरा. साय नसलेलं दूध ब्रशनं कागदाच्या मागे पातळ लावायचं, अर्ध्या मिनिटानं बाटलीवर बसवायचं आणि कापडानं मधून कडेकडे दाबायचं. दुधातलं केसीन हे मुळातच चांगलं चिकटद्रव्य आहे. वाळल्यावर डाग दिसत नाही. फुल-क्रीम दूध मात्र नको, त्याच्या स्निग्धांशानं कागदावर तेलकट धब्बे उमटतात. कागद ८० ते १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ८० ते १०० ग्रॅम) घ्या. त्याहून जाड कागदाच्या कडा गोलाईवर उभ्या राहतात. मैद्याची खळही चालते, पण पुण्याच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि झुरळं ती कुरतडतात. पुस्तकबांधणीवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालत. खाण्यापिण्याच्या वस्तूजवळ तो विषारी पदार्थ अजिबात नको.

दुधाचं लेबल फ्रीजमधल्या दवात किंवा बर्फाच्या बादलीत टिकणार नाही. बाटली गार करूनच पाहुण्यांपुढे ठेवायची असेल, तर व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर छापून घ्या.

प्रश्न : लेबल सरळ बसत नाही. एक बाजू हमखास वर जाते, मध्ये फुगे येतात. — एक वाचक, औंध

बाटली उजेडात फिरवून पाहा. काचेवर समोरासमोर दोन उभ्या बारीक रेषा दिसतील. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली ही शिवण. लेबल तिच्यावरून गेलं की तिथे पोकळी राहते आणि कड सुटते. ७५० मिलीच्या नेहमीच्या बाटलीचा घेर २३-२४ सेंमी असतो, म्हणजे दोन शिवणींमध्ये जेमतेम साडेअकरा सेंमी मिळतात. ९ सेंमी रुंदी सांगितली ती याच हिशेबानं.

सरळ बसवायला बाटलीला रबरबँड घाला, टेबलापासून सगळीकडे सारख्या उंचीवर. दोन गुंडाळलेल्या टॉवेलांमध्ये बाटली आडवी ठेवा आणि लेबलची खालची कड रबरबँडला टेकवा. स्टिकर असेल तर मागचा कागद पूर्ण काढू नका. मधली उभी पट्टी आधी चिकटवा, मग एकेक बाजू. फुगे येतात ते दोन्ही टोकं आधी चिकटवल्यामुळे. उतरत्या खांद्यांच्या बाटलीवर लेबल खालच्या सरळ भागापुरतंच ठेवा. उतारावर कागद चुणतोच.

प्रश्न : मागे एकदा सरबताच्या बाटलीचं बूच आठवड्यात उडालं. लेबल, भिंत, सगळं चिकट झालं. — एक वाचक, सिंहगड रोड

सरबत आंबलं. साखर कमी पडली की यीस्ट जगतं, वायू तयार होतो आणि बंद बाटलीत दाब वाढतो. शॅम्पेनच्या जाड काचेसारखी साध्या वाइनची बाटली दाबासाठी केलेली नसते, तीही फुटू शकते. इथे काटकसर करू नका.

गाळलेला लिंबाचा रस, आल्याचा रस आणि पाणी मिळून १ लिटर, त्याला साखर २ किलो. वजनात साखर सुमारे दोन तृतीयांश होते आणि एवढ्या साखरेत यीस्टला सहसा वाढता येत नाही. साखर पाण्यात आणि आल्याच्या रसात मंद आचेवर विरघळवा, लिंबाचा रस पाक निवल्यावर घाला. लिंबू उकळलं की कडवट होतं. एवढ्यातून जवळपास सव्वादोन लिटर पाक होतो, म्हणजे ३ बाटल्या. कोथरूडच्या वाचकांना २४ बाटल्यांसाठी ८ लिटर द्रव आणि १६ किलो साखर लागेल. फ्रीजमध्ये तळाशी साखरेचे खडे दिसले तर पाक बिघडलेला नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

जुनी बुचं पुन्हा वापरू नका, त्यांच्या छिद्रांत बुरशी राहते. वर लाकडी टोपी असलेली नवी बुचं पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बोहरी आळीत विचारा. बाटल्या आतून कोरड्या ठणठणीत हव्यात. तळाशी राहिलेल्या पाण्यानं वरचा पाक पातळ होतो आणि आंबणं तिथूनच सुरू होतं. आधी भरायचं, बूच लावायचं, बाहेरून पुसायचं, लेबल सगळ्यांत शेवटी.

लेबलवर ‘सरबत’ हा शब्द नावांइतकाच मोठा असू द्या. बाटलीचा आकार पाहून न पिणारे वडीलधारे ती बाजूला ठेवतील, किंवा घरातल्या मुलांचा भलताच समज होईल. शिवाय घटक, केल्याची तारीख आणि ‘१ भाग पाक, ४ भाग पाणी’ हेही लिहा.

प्रश्न : हेच घरी केलेल्या द्राक्षाच्या वाइनचं करता येईल का? — एक वाचक, पिंपळे सौदागर

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय वाइन बनवता येत नाही, मग ती भेट म्हणून का असेना. परवानाधारक दुकानातून घेतलेल्या बाटलीवर भेटीपुरतं आपलं लेबल लावायचं असेल, तर फक्त पुढच्या बाजूला, जुन्या लेबलवरूनच लावा. ते चारही बाजूंनी ३-४ मिमी मोठं ठेवा आणि मागे करडा थर असलेला अपारदर्शक स्टिकर घ्या, म्हणजे खालची अक्षरं डोकावणार नाहीत. मागचं लेबल आणि झाकणावरचं सील जसंच्या तसं राहू द्या. भरलेल्या बाटलीला ड्रायरची ऊब देऊन जुनं लेबल काढू नका. वाइन तापते, चव जाते आणि बूच वर सरकतं.

प्रश्न : भेट मिळालेल्या बाटलीवरचं लेबल आठवण म्हणून अखंड काढता येतं का? — एक वाचक, सदाशिव पेठ

दुधानं लावलेलं असेल तर सहज. बाटली साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कागद स्वतःहून सैल झाला की काचेवरून खाली सरकवा आणि टीपकागदात घालून जड पुस्तकाखाली वाळवा. स्टिकर असेल तर आत गरम पाणी भरून, वर सांगितलं तसंच.