अमेरिकेतील राज्ये संघीय सरकारवर इतके दावे का दाखल करू लागली आहेत?

मुख्य कारण असे की अमेरिकी काँग्रेसमध्ये कायदे संमत होणे अवघड झाल्यापासून राष्ट्राध्यक्ष आदेश आणि नियमांच्या आधारे धोरणे राबवू लागले, आणि ती अडवण्याची जागा न्यायालय हीच उरली. २००७ साली हरितगृह वायूंविषयीच्या ‘मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए’ (ईपीए म्हणजे संघीय पर्यावरण संरक्षण संस्था) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, दावा दाखल करण्याच्या अधिकाराबाबत राज्यांना सामान्य वादीपेक्षा विशेष स्थान दिले, आणि तिथून ही वाट रुंदावली. २०१५ मध्ये टेक्साससह २६ राज्यांनी ओबामांची स्थलांतरितांविषयीची योजना एका जिल्हा न्यायालयातून देशभर रोखली. पुढे ट्रम्प यांच्याविरुद्ध कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आदींनी तोच कित्ता गिरवला. शिवाय ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या वतीने असे दावे दाखल करणारा प्रमुख कायदा अधिकारी, थेट मतदारांकडून निवडला जात असल्याने विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला न्यायालयात खेचणे या अधिकाऱ्याच्या राजकीय कारकिर्दीला पोषकच ठरते (हे उघडपणे कबूल कोण करणार!). जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाई हुकमांना लगाम घातला खरा, परंतु वादी राज्याला संपूर्ण दिलासा देण्यासाठी हुकूम किती व्यापक असावा, हा प्रश्न त्याने कनिष्ठ न्यायालयांवरच सोपवला.