ईसीजी नॉर्मल आला, भीती मात्र गेली नाही

“मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग छातीत हे होते ते काय?” हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नवा नाही. तो विचारणाऱ्यांत लवकरच बाप होणारे पुरुष आता बरेच दिसतात. पूर्वी त्यांना असे होत नसेल असे नाही, ते सांगायला कोणाकडे जात नसत एवढेच. त्यांपैकी एकाची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून मांडते.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहणारे हे गृहस्थ 33 वर्षांचे. लग्नानंतर चार वर्षांनी पत्नीला दिवस गेले होते आणि सातव्या महिन्याचे डोहाळजेवण नुकतेच पार पडले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना, एका रविवारी दुपारी ते माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा काढायला स्टुलावर चढले. पाळणा निम्मा खाली आला असेल-नसेल, तोच छाती आवळल्यासारखी झाली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, घाम फुटला आणि आपण आता संपलो अशी त्यांची खात्री पटली. शेजाऱ्यांनी रिक्षातून रुग्णालयात नेले. ईसीजी ठीक होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन दोनदा तपासले गेले, कारण ते वाढायला काही तास लागतात आणि एकदाच तपासून भागत नाही. दोन्ही वेळा ते सामान्य आले. रात्री घरी सोडताना “काही नाही, टेन्शन घेऊ नका” असे सांगण्यात आले. पत्नी त्या दिवशी माहेरी, अक्कलकोटला होती. तिला कळवू नका असे त्यांनी शेजाऱ्यांना बजावले आणि देवळातून परतलेल्या आईला ऊन लागल्याचे सांगितले. सोलापूरच्या उन्हाळ्यात या कारणावर कोणी शंका घेत नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत त्यांनी आणखी तीन ईसीजी काढले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी “त्या वेळी नव्हते, पण आज असेल तर?” ही शंका परत येई. मनगटावरच्या स्मार्टवॉचवर ते दिवसातून चाळीस-पन्नास वेळा नाडीचे ठोके पाहू लागले. नळाला पाणी चार दिवसांनी येते, तेव्हा बादल्या भरून पिंपात ओतण्याचे त्यांचे नेहमीचे काम कंबर धरल्याचे निमित्त सांगून त्यांनी थांबवले आणि ते साठीच्या आईवर पडले.

अशा माणसाला पहिल्याच भेटीत “हे मनाचे आहे” असे सांगणारे समुपदेशक असतात, आणि मला ते धोक्याचे वाटते. छातीत दुखणे हृदयाचे की भीतीचे, हे घरी बसून खात्रीने ओळखण्याची युक्ती नाही. पहिल्यांदा असे झाले की रुग्णालयातच जायला हवे, आणि हे गृहस्थ गेले ते योग्यच झाले. वडील किंवा भाऊ यांना 55 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर धोका खरोखरच वाढतो. त्यांच्या वडिलांचे निधन हृदयविकाराने झाले होते. म्हणून मी आधी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे धाडले. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिलवरची चाचणी दोन्ही चांगल्या निघाल्या. कोलेस्टेरॉल थोडे जास्त होते. डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा या असे सांगितले, आणि मधल्या काळात स्वतःहून नवी तपासणी करायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. मात्र चालताना छाती भरून आली, किंवा दुखणे हातात अथवा जबड्यात उतरले, तर वाट न पाहता 108 ला फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहिले.

पहिल्या दोन भेटी मी श्वासावर घालवल्या. घाबरल्यावर माणूस भरभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. भीतीचा हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि नंतर ओसरतो. त्यांना हे पटले. श्वास लांबवून सोडण्याचा सराव त्यांनी हिशेबाच्या वहीइतक्या नेटाने केला. बोलता बोलता हेही निघाले की डोहाळजेवणाच्या दिवशी, बाळासाठी म्हणून, त्यांनी अकरा वर्षांची तंबाखूचा मावा खाण्याची सवय एका दिवसात सोडली होती. तंबाखू सुटल्यावर पहिले काही दिवस बेचैनी, चिडचिड आणि झोपमोड होते, आणि ‘ती’ दुपार त्याच दिवसांतली होती. कारणे जुळली, तरी भीती हटेना.

चूक माझी होती. “वडील : हृदयविकाराने निधन, वय 41” ही ओळ त्यांनी पहिल्या भेटीच्या अर्जात लिहिली होती आणि मी ती केवळ वैद्यकीय माहिती म्हणून वाचली होती. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारले, की तो पाळणा मग उतरवला का. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो पप्पांनी आणला होता, बहिणीसाठी. आईला सातवा चालू होता तेव्हा ते गेले. बहिणीचे बारसे झालेच नाही. पाळणा तेव्हाच वर गेला.” ते तेव्हा सहा वर्षांचे होते. आपल्या घरात बाप बाळाचे तोंड पाहत नाही, असा काहीसा हिशेब त्यांच्या मनात तेव्हापासून बसलेला होता, आणि कोणताही ईसीजी त्याला उत्तर देऊ शकत नव्हता, कारण ईसीजीला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

यानंतर काम सरळ झाले, सोपे नव्हे. ट्रेडमिल चाचणी चांगली असल्याने मी त्यांच्याबरोबर आमच्या इमारतीचे तीन मजले चढले. छाती धडधडू लागली की तिथेच उभे राहायचे, नाडी पाहायची नाही. (माझीच धाप त्यांच्यापेक्षा मोठी होती, आणि त्याचा उपयोग झाला.) घड्याळ आधी रात्री, मग पूर्ण काढले. पाण्याच्या बादल्या अर्ध्या भरून उचलण्यापासून पुन्हा सुरू केल्या. रक्तदाब मात्र आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितला. सरासरी 137/87 आली. घरी मोजलेला दाब 135/85 च्या वर राहिला तर डॉक्टर तो वाढलेला धरतात, तेव्हा ती वही घेऊन ते फिजिशियनकडे गेले आणि मीठ कमी करण्याचा, रोज चालण्याचा सल्ला घेऊन आले. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी अळणी कशी खायची, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

पत्नीला सांगण्यास ते तयार नव्हते. “तिला या दिवसांत ताण नको” हे कारण जवळजवळ प्रत्येक नवरा देतो; रात्री दोनला उठून नाडी मोजणारा माणूस शेजारी झोपलेल्या बाईला दिसत नाही, असे त्याला वाटत असते. त्यांनी अखेर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अहो, रिपोर्टांची फाईल कपाटात साड्यांच्या खाली ठेवायची असते का?” पुढच्या भेटीला ती सोबत आली आणि भीतीपेक्षा व्यवस्थेचेच जास्त बोलली : रात्री कळा सुरू झाल्या तर रिक्षा कोणाची, पैसे कुठे, यांना काही झाले तर फोन कोणाला. मुदत विम्याचा अर्ज त्यांनी भीतीपोटी महिनाभर अडवून ठेवला होता. रुग्णालयातली ती रात्र आणि वडिलांचे वय त्यात खरे लिहून तो त्याच आठवड्यात भरला.

जुलैमध्ये मुलगी झाली. प्रसूतिगृहाच्या जिन्यात एकदा छाती धडधडली. ते पायरीवर बसले, ओसरल्यावर औषधे आणायला खाली गेले. बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळणा सुताराकडून घट्ट करून आणला होता, आणि बाळाच्या कानात नाव सांगायला त्यांची बहीण, म्हणजे आत्या, पुण्याहून आली होती.