लोणारहून आणलेला काळा दगड चुंबकाला ओढला जातो, म्हणजे तो उल्केचा तुकडाच ना? घरी कसं तपासायचं?

नाही बावा. बेसाल्ट आहे तो, आपला काळा पत्थर. त्यात मॅग्नेटाइट या लोखंडी खनिजाचे बारीक कण असतात म्हणून चुंबक ओढतं, उल्केचा काही संबंध नाही.

हाच वाद आमच्या घरात नऊ वर्षांपासून चालू आहे म्हणून लिहून राहिलो. मी नागपुरात एका कॉलेजच्या जिऑलॉजी लॅबमध्ये अटेंडंट होतो, रिटायर होईपर्यंत दगडच घासले. आमचे साडभाऊ बँकेत ऑफिसर. पुतणीच्या साक्षगंधात त्यांनी खिशातून लोणारचा दगड काढला, दोऱ्याला बांधलेलं चुंबक जवळ नेलं, ते झुललं, आणि सगळे पाहुणे वा वा करू लागले. मी म्हटलं भाऊजी, बाहेर चला. हॉलच्या शेजारी बांधकाम चालू होतं, तिथली काळी गिट्टी उचलली आणि त्याच दोऱ्याने तेच चुंबक झुलवून दाखवलं. तर म्हणतात, "तू दगड घासणारा, तुला थिअरी काय माहीत?" जेवलो नाही मी त्या दिवशी.

आता थिअरी ऐका. लोणारचं तळं म्हणजे उल्का आदळून झालेला खड्डा. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरने येणारी एवढी मोठी वस्तू आदळली की तिचा बहुतेक भाग वितळतो नाहीतर वाफ होऊन जातो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या विवरात बॅरिंजर नावाच्या माणसाने 1903 पासून, खाली लोखंडाचा मोठा गोळा असेल म्हणून बोअर मारले, पैसा घातला, गोळा काही सापडला नाही. (तिथे आजूबाजूला लोखंडी तुकडे मिळतात, हे खरं.) म्हणून लोणारमध्ये पुरावा उल्केचा शोधायचा नसतो, मार खाल्लेल्या दगडाचा शोधायचा असतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तळ्याच्या तळाशी बोअर मारले तेव्हा तसाच दगड वर आला, आणि हा खड्डा ज्वालामुखीचा म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली. तसंही तिथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, खड्डा त्याच्या कितीतरी नंतरचा. किती नंतरचा यावर भांडण आहे, एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतात, 2011 च्या, दगडातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत पावणेसहा लाखांच्या आसपास.

मार खाल्लेला म्हणजे कसा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दगडाची चकती कापायची, काचेला चिकटवायची, कार्बोरंडमच्या पावडरीवर घासत घासत 0.03 मिलिमीटरवर आणायची. शेवटी शेवटी बोटाच्या दाबाचाच अंदाज, जरा जास्त झालं की काचेवर काहीच उरत नाही. एवढा पातळ झाला की काळा पत्थर आरपार दिसतो. साध्या बेसाल्टमध्ये, म्हणजे सेमिनरी हिल्सच्याही, प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या कांड्या पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दिसतात आणि स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची तबकडी, फिरवली की उजेड-अंधार होतो. लोणारच्या एका स्लाइडमध्ये कांडीचा आकार तोच, कडाही शाबूत, पण स्टेज पूर्ण फिरवली तरी ती काळीच. धक्क्याच्या दाबाने न वितळता जागच्या जागी काच झालेली. याला मॅस्केलिनाइट म्हणतात, ज्वालामुखी असं करू शकत नाही. ती स्लाइड मी घासलेली होती, सरांनी कॉन्फरन्सला नेली, असो.

घरी तपासायचं म्हणाल तर हे घरी होत नाही. ताजी पडलेली उल्का असेल तर वर पातळ काळी जळकी साल असते आणि आकाराच्या मानाने सहसा जड लागते, एवढंच. स्टॉलवर पैसे देऊन दगड घेतला असेल तर पैसे गेले समजा. आणि हो, हे आधीच सांगायला पाहिजे होतं, लोणार अभयारण्य आहे, तिथून दगड उचलून आणायचेच नसतात.

साडभाऊंचा दगड अजून शोकेसमध्ये आहे, खाली लाल मखमल. भाऊजी, वाचत असाल तर एकदा द्या, अर्धाच कापीन.